मृत्युपत्र करायचंय? आधी सातबारा काढा

बाबांनी मृत्युपत्र करून ठेवलंय हे आम्हाला कळलं ते जाऊन पाच महिने झाल्यावर, गणपतीसाठी माळ्यावरून माटवीचं सामान उतरवताना. पत्र्याची ट्रंक, त्यात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत दोन फुलस्केप. अक्षर बाबांचं, खाली सही, दोन साक्षीदार, तारीख, सगळं व्यवस्थित. खालची आंब्याची बाग दादाला, घर दादा आणि आयेला, आणि माझं लग्न यथासांग झालेलं असल्यामुळे मला काही नाही. असो. खरी गंमत पुढे झाली. दादाने बागेचा सातबारा काढला तर त्यावर बाबांचं नावच नाही, आजोबांचं. आणि आजोबा गेले १९८७ साली.

ती बाग आजोबांनी मुंबईत गिरणीत राबून स्वतः विकत घेतलेली. त्यांना तीन मुलगे दोन मुली, आजी आधीच गेलेली, मृत्युपत्र काही नाही, म्हणजे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पाच जणांना पाच सारखे हिस्से आणि त्यातला बाबांचा एक. बाबांनी जन्मभर कलमं राखली, फवारण्या केल्या, पेट्या वाशीला पाठवल्या, त्यांच्या मनात ती बाग त्यांचीच होती, फक्त कागदाला ते ठाऊक नव्हतं. मृत्युपत्र फुकट नाही गेलं, पण ते चाललं त्या पाचव्या हिश्श्यापुरतं. बाकीच्यासाठी दोन काका, एक आत्या आणि गेलेल्या आत्याची चार मुलं (त्यातला एक मस्कतला) यांच्यामागे फिरण्यात आमची साडेतीन वर्षं गेली.

मी वकील नाही, कुडाळला शाळेत शिकवते. पण या साडेतीन वर्षांत तलाठी, तहसील, दुय्यम निबंधक आणि दोन वकील इतक्या वेळा बघितले की आता ओळखीतले लोक फोन करून विचारतात, कुठून सुरुवात करू गं. तर त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते. थोडी जमीन, गावचं घर, मुंबईला एखादी खोली, बँकेत चार पैसे, एवढंच असलेल्या आपल्यासारख्या घरांसाठी आहे हे.

आधी एक वही

शंभर पानी वही घ्या आणि काय काय आहे ते उतरवून काढा. जमीन असेल तर गाव, सर्वे नंबर, हिस्सा नंबर. घर असेल तर ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, म्हणजे नमुना ८. मुंबईच्या खोलीचं शेअर सर्टिफिकेट, बँक, पोस्ट, एलआयसी, पीएफ, सोनं. होडी नाहीतर ट्रॉलर असेल तर तिचं रजिस्ट्रेशन, मासेमारीचं लायसन आणि मच्छीमार सोसायटीतले शेअर, हे लोक हमखास विसरतात. आणि देणंही लिहा, सोसायटीचं पीककर्ज, हातउसने, सगळं. प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहायचा: कागदावर नाव कोणाचं आहे? कोण कसतो, कोण राहतो, कोणी पैसे घातले, ते नंतर.

मग सातबारा, आणि तो नीट वाचायचा

डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साइटवर पंधरा रुपयात मिळतो, घरबसल्या. सोबत ८अ काढा, म्हणजे तुमच्या खात्यात त्या गावात एकूण किती तुकडे आहेत ते कळतं, कारण आपल्याकडे एकेकाची जमीन दहा-बारा ठिकाणी विखुरलेली असते आणि डोंगरावरचा वरकस तुकडा कोणाच्या लक्षातही नसतो.

कोकणातला सातबारा घाटावरच्या माणसाला दाखवला तर त्याला चक्कर येईल. चार गुंठ्यांना चाळीस नावं, काहींच्या पुढे आणे-पै मध्ये हिस्सा, निम्मे मयत, काही नावं अशी की घरात कोणी सांगू शकत नाही हा कोण. घाबरू नका, सगळ्यांचं असंच आहे. तुमची शाखा कुठली ते शोधा आणि तिथपासून खाली वंशावळ काढा. हे काम घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला घेऊन बसून करा, पुरुषांना मुलगे आठवतात, बायकांना लग्न होऊन गेलेल्या मुलीही आठवतात आणि त्या मुलींची नावं सुटली की पुढे सगळं अडतं.

इतर अधिकार हा रकाना तर चष्मा लावून वाचायचा. तिथे सोसायटीचा बोजा असतो, कुळाचं नाव असतं, कधीकधी झाडांवरचा कोणाचातरी हक्क लिहिलेला असतो. 'कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र' (म्हणजे कुळाला मिळालेली, परवानगीशिवाय दुसऱ्याला न देता येणारी जमीन) असं काही दिसलं तर ती जमीन कोणाच्या नावे लिहून ठेवण्याआधी वकिलाला दाखवा. आंबोली, गेळे, चौकुळकडच्या कबुलायतदार गावकर जमिनींचं, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक जमिनींचं, तर प्रकरणच निराळं, तिथे मी कसतो म्हणून मी देतो असं चालत नाही. प्रत्येक नोंदीशेजारी फेरफार नंबर असतो, तो फेरफार काढून बघितला की नाव कसं लागलं ते कळतं. ऑनलाइन नसलेले जुने फेरफार तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज करून मिळतात. एका खेपेत काम होईल ही आशा ठेवू नका.

वारस नोंद

मयताचं नाव अजून तसंच असेल तर हे आधी करायचं, मृत्युपत्र त्यानंतर. कायद्याप्रमाणे मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) कळवायचं असतं, पण तीस वर्षं उशीर झाला तरी नोंद होते, कटकट वाढते एवढंच. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र, वंशावळ. अर्ज ई-हक्क वरून ऑनलाइनही करता येतो. मग चौकशी, फेरफार, सगळ्यांना नोटिसा, हरकतीसाठी पंधरा दिवस, आणि शेवटी मंडळ अधिकारी मंजूर करतो. आधी आजोबांचे वारस, त्यातला कोणी गेलेला असेल तर त्याचे वारस, असं पिढीपिढीने खाली यायचं.

इथे एक गोष्ट कराल तर पस्तावाल. 'बहिणींची नावं कशाला, त्या काय गावाक येऊन ऱ्हवतत?' असं म्हणून त्यांना गाळायचं. मुलीचा हक्क आता वादाचा विषयच राहिलेला नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलासारखीच जन्मापासून हिस्सेदार हे केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने झालं, महाराष्ट्राने तर १९९४ लाच स्वतःची दुरुस्ती केली होती, आणि २००५ ला वडील हयात होते की नव्हते याचा संबंध नाही हे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगून टाकलं. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत तर मुलगी १९५६ पासूनच पहिल्या रांगेतली वारस. नाव गाळून केलेली नोंद दहा वर्षांनी भाची येऊन उलटी करू शकते, आणि तोवर तुम्ही तिथे स्लॅबचं घर बांधलेलं असतं.

बहिणीला खरंच नको असेल तर ती हक्कसोडपत्र करून देऊ शकते, रजिस्टर करून, मुद्रांक नाममात्र. तलाठ्यासमोर साधा जबाब देऊन किंवा शंभरच्या स्टॅम्पवर नोटरी करून हक्क सुटत नाही. आणि भावांनो, तिला गणपतीत बोलवून मोदक खाऊ घालून दुसऱ्या दिवशी सकाळी थेट रजिस्ट्रारकडे नेऊ नका, कागद आधी पाठवा, वाचू दे, तिच्या नवऱ्याला नाही, तिला विचारा.

एक लक्षात ठेवा, सातबारा म्हणजे काही मालकीचा अंतिम पुरावा नाही, महसुलाची नोंद आहे ती. भांडण झालंच तर मालकी दिवाणी कोर्ट ठरवतं. पण बँक असो, भूसंपादन असो, सगळे आधी सातबाराच मागतात.

आपलं म्हणजे नक्की किती

आता वहीतल्या प्रत्येक ओळीसमोर लिहा, स्वकष्टाचं की वाडवडिलांचं. स्वतः कमावलेलं हिंदू माणूस मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो, अगदी मुलाला वगळून शेजाऱ्याला देऊ शकतो. वाडवडिलांच्या एकत्र मिळकतीतला फक्त आपला हिस्सा देता येतो, भावाचा किंवा मुलांचा नाही. शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी आहे का बघा, कारण १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ मध्ये बिगरशेतकऱ्याला जमीन द्यायला बंदी आहे आणि ती बंदी मृत्युपत्राने चुकवता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात म्हटलंय, मूळ कायदा एकच. पुण्यातल्या मित्राला प्रेमाने काजूची बाग लिहून देणारे असतात म्हणून सांगितलं.

आपल्या किनाऱ्यावर सगळे काही हिंदू कायद्यात बसत नाहीत. मुसलमान कुटुंबात साधारणपणे एक तृतीयांशच मृत्युपत्राने देता येतं आणि वारसांपैकी एकालाच जास्त द्यायचं तर बाकीच्यांची संमती लागते, त्यामुळे तिथे हयातीत हिबा, म्हणजे बक्षीस, करून देणं जास्त चालतं. ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्रानंतर लग्न केलं तर ते मृत्युपत्र रद्द होतं, नवीन करावं लागतं.

आणि बायकांनी हे वाचाच. मूलबाळ नसलेली विधवा हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिने स्वतः नोकरी करून घेतलेली खोलीसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांकडे नाही, भावाबहिणीकडे तर नाहीच. आईवडिलांकडून वारशाने आलेलं तेवढं माहेरी परत जातं. माझ्या ओळखीच्या एका बाईंना वीस वर्षांत दीर कधी दारात उभा राहिला नाही, सगळं केलं ते भाचीने. त्यांनी आता मृत्युपत्र केलं, दोन पानी, एका दुपारचं काम.

मृत्युपत्र, बक्षीसपत्र की वाटणी

मृत्युपत्र आपण गेल्यावर लागू होतं, हयातीत कितीही वेळा बदलता येतं, आणि त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही. साधा कागद. बक्षीसपत्र केलं की वस्तू त्याच क्षणी गेली, परत मागता येत नाही. जवळच्या नात्यात मुद्रांक अगदी थोडा लागतो म्हणून लोक घाईघाईने मुलाच्या नावे घर करून देतात आणि मग सून बदलते नाहीतर मुलगा बदलतो. करायचंच असेल तर 'आम्हाला हयातभर सांभाळायचं' ही अट त्या कागदातच लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आहे, अट पाळली नाही तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन ते रद्द करून घेता येतं, पण अट लिहिलेली असली तर बाजू भक्कम. माझं मत विचाराल तर साठीनंतर बक्षीसपत्र शक्यतो करूच नये.

वाटणी सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली अर्ज करून होते. चाळीस नावांमध्ये सगळे राजी, हे वाक्य लिहितानाही हसू येतं, पण होतं कधीकधी, विशेषतः म्हातारी माणसं हयात असताना. त्यांच्या शब्दाला जो मान असतो तो नंतर कोणाच्या नसतो.

मुखत्यारपत्र म्हणजे पॉवर ऑफ ॲटर्नी, यावर आपल्याकडे फार भरवसा. 'माझ्याकडे काकांची पॉवर आहे, काळजी नको.' काका गेले की पॉवर गेली. त्याच मिनिटाला. नंतर त्यावर सह्या केल्या तर उलट गुन्हा अंगाशी येईल. काकांचं डोकं चालेनासं झालं तरी तीच गत.

वकील

तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामं करणारा बघा, फौजदारीवाला नको. जमिनीची दलाली करणारा तर मुळीच नको, आणि ज्याने तुमच्या चुलत्याचा दावा चालवलाय तोही नको. आमच्या पहिल्या वकिलांनी सातबारा न बघताच मसुदा टाइप करून दिला होता, कोणाच्यातरी जुन्या मृत्युपत्रावर नावं बदलून, एका ठिकाणी तर दुसऱ्याच गावाचं नाव राहिलेलं. दुसऱ्यांनी पहिल्या भेटीत एक अक्षर लिहिलं नाही, नुसती वंशावळ विचारत बसले तासभर. तेव्हाच कळलं की हे बरोबर.

जाताना वही, सातबारे, ८अ, फेरफार, घराचा उतारा, वंशावळ, आधार, सगळ्याच्या झेरॉक्स न्या. फी आधी विचारा, मसुद्याची वेगळी की रजिस्ट्रेशनला सोबत येण्यासकट ते विचारा, लाजू नका. पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, १९८७ च्या कायद्याने महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते. आणि विचारायचे प्रश्न लिहून न्या: मुंबईच्या खोलीसाठी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, लागेल का (हा नियम बदलत आलाय, आजचा काय ते विचारा), यातली कुठली जमीन मला देताच येत नाही, साक्षीदार कोण घेऊ.

मसुद्यात काय हवं

'माझी सर्व मिळकत मुलांना समान' असं लिहून सुटका होत नाही. सर्वे नंबर, हिस्सा नंबर, त्यातला माझा हिस्सा किती, सगळं लिहा. आपल्याकडे भांडणं जमिनीपेक्षा इतर गोष्टींवर होतात. वाट कुठून जाणार, विहिरीचं पाणी कोण कोण घेणार, पंपाचं बिल कोण भरणार, मांगर कोणाचा, बांधावरचा फणस कोणाचा, माड किती कोणाकडे. हे लिहा. मूळ घरात देवघर आणि गणपती असेल तर तो खर्च कोणी करायचा, पाळी कशी, आणि मुंबईकरांना चतुर्थीत उतरायला कुठली खोली, हेही लिहा. वकील हसला तर हसू दे.

बायको मागे राहणार असेल तर तिला त्या घरात हयातभर राहायचा हक्क हे वेगळं वाक्य हवंच. आमच्या बाबांनी घर आयेला आणि दादाला ठेवलं म्हणून निभावलं. मुलं लहान असतील तर पालक कोण ते लिहा. मतिमंद किंवा आजारी मूल असेल तर त्याचा हिस्सा कोणी सांभाळायचा यासाठी वकिलाकडे जास्तीची एक बैठक घ्या, ते काम दोन ओळींचं नाही. सगळं अमलात आणणारा व्यवस्थापक नेमा, शक्यतो गावात येणंजाणं असलेला.

सही, साक्षीदार, रजिस्ट्रेशन

दोन साक्षीदार, दोघांनी तुम्हाला सही करताना बघायचं किंवा ही सही माझी असं तुमच्या तोंडून ऐकायचं, आणि तुमच्या समोर स्वतः सही करायची. ज्यांना काही मिळणार त्यांना साक्षीदार करू नका. वयाने लहान घ्या, कारण पुढे कोर्टात निदान एकाला उभं राहावं लागतं आणि आमच्या बाबांचा एक साक्षीदार त्यांच्या आधीच गेला होता. प्रत्येक पानावर सही. खाडाखोड झाली तर तिथेही सही. तब्येत तोळामासा असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा.

रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, तरी करा. दुय्यम निबंधकाकडे तुम्ही आणि दोन साक्षीदार, आधार-पॅन, फोटो, अंगठा, झालं. माणूस अंथरुणावर असेल तर अर्ज केल्यावर अधिकारी घरी येतात. लोकांना भीती असते की सगळ्या गावाला कळेल, तसं नाही, तुम्ही हयात असेपर्यंत त्याची नक्कल तुमच्याशिवाय किंवा तुमच्या मुखत्याराशिवाय कोणाला मिळत नाही. आणि रजिस्टर झालं म्हणून ते शेवटचं असंही नाही, नंतर घरी साध्या कागदावर नीट केलेलं दुसरं मृत्युपत्र आधीच्या रजिस्टरवर मात करतं.

नॉमिनी

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँक त्याच्या हातात पैसे देते, पण ते वारसांचे असतात. शेअर-म्युच्युअल फंडाबाबत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये परत हेच सांगितलं. विम्यात २०१५ नंतर बायको, नवरा, मुलं, आईवडील नॉमिनी असतील तर गोष्ट थोडी वेगळी आहे. तरी नॉमिनी भराच, नाहीतर थोड्या पैशांसाठीही कागदपत्रांची कटकट वाढते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. मृत्युपत्रातलं नाव आणि नॉमिनी एकच ठेवा म्हणजे भांडणाला जागा राहत नाही. कोणाच्या जुन्या खात्याचा पत्ताच नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव टाकून शोधता येतं.

ठेवायचं कुठे

ट्रंकेत नको, कोकणातल्या पावसात कागदाला बुरशी येते आणि वाळवी तर आहेच. मूळ प्रत व्यवस्थापकाकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये (लॉकर दोघांच्या नावे असला तरच, नाहीतर उघडायलाच मृत्युपत्र लागायचं), झेरॉक्स वहीत, आणि निदान दोन माणसांना तोंडी सांगून ठेवा. आयेला मी हे सगळं सांगितलं तेव्हा म्हणाली, 'अगो, मी काय उद्या मरतलंय काय?' मग दोन दिवसांनी स्वतःच वही मागून घेतली आणि पहिल्या ओळीत लिहिलं, माझे पाटले दोन, थोरल्या नातीला. सर्वे नंबर तिने अजून लिहिलेला नाही, कारण तिचं नाव लावायचा फेरफार मंडळ अधिकाऱ्याच्या टेबलावर आहे.